चष्म्याला नाही म्हणणारी माणसं

चाळिशी ओलांडलेली माणसं माझ्याकडे समुपदेशनासाठी येतात तेव्हा चष्म्याचा विषय पहिल्या भेटीत निघत नाही. चिडचिड होते, डोकं जड राहतं, कामात मन लागत नाही, अशी सुरुवात होते. मग बोलता बोलता कळतं की सकाळचा पेपर बंद झालाय. औषधाच्या पट्टीवरची तारीख मुलाकडून वाचून घेतली जाते. लग्नपत्रिका आली की "तूच वाच गं मोठ्यानं" म्हणून ती पुढे सरकवली जाते. मी विचारते, "डोळे तपासले का?" उत्तर जवळजवळ ठरलेलं असतं: "एकदा चष्मा लागला की सुटका नाही, मॅडम. नंबर वाढतच जातो. जमेल तितकं लांबवतोय." बँकेतल्या अधिकाऱ्यापासून ब्लाउज शिवणाऱ्या ताईंपर्यंत अनेकांच्या तोंडून मी हेच ऐकलं आहे. म्हणून एका गृहस्थांची हकिगत त्यांच्या संमतीनं इथे सांगते. नाव बदललं आहे, ओळख पटेल असे तपशीलही.

राजेंद्र, वय ४६, भोसरी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्शनला. त्यांना पत्नी घेऊन आल्या होत्या. "हे घरात कुणाशी बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "मुलगी दहावीला आहे. रोज तिची गणितं बघायचे, ते बंद केलं. तिला वाटतं, बाबा माझ्यावर रागावलेत. मला वाटतं, कंपनीत काहीतरी झालंय."

राजेंद्र खिडकीकडे बघत होते. पत्नी बाहेर जाऊन बसल्यावर म्हणाले, "कंपनीत काही झालेलं नाही. पण होईल."

पुढच्या भेटींत एकेक धागा सुटत गेला. कारखान्यात त्यांचा दरारा होता. व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घ्यायचं जबड्यांचं उपकरण, हातात घेतला की ०.०२ मिलिमीटरचा फरक ते एका नजरेत सांगायचे, मायक्रोमीटरवर ०.०१ चा. वर्षभरापासून त्या बारीक रेघा एकमेकींत मिसळायला लागल्या होत्या. त्यांनी बाकावर जास्त उजेडाचा दिवा लावून घेतला. पार्ट लांब धरून बघायला लागले. मग एका ट्रेनी मुलाला जवळ बसवून घ्यायला लागले: "सांग बघू, किती रीडिंग दाखवतंय?" मुलाला वाटायचं, साहेब आपल्याला शिकवतायत.

"डिजिटल व्हर्नियर असतो ना?" मी विचारलं.

"असतो. तो नवीन पोरं वापरतात."

या उत्तरात मला त्यांच्या दुखण्याची पहिली खूण दिसली. माझी बैठक अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५५ मध्ये मांडलेल्या विवेकनिष्ठ उपचारपद्धतीची आहे. घटना माणसाला जेवढी छळते, त्याहून जास्त त्या घटनेविषयी त्यानं मनाशी धरलेला हट्ट छळतो, हे मी इतक्या वर्षांत इतक्या माणसांत पाहिलं आहे की आता ते मला वेगळं शोधावं लागत नाही. राजेंद्र यांचा हट्ट होता, 'माझी नजर होती तशीच राहिली पाहिजे. नाही राहिली, तर मी कुठल्याच कामाचा नाही.' पहिला भाग ही इच्छा म्हणून ठीक आहे, अशी इच्छा कुणाला नसते? पण दुसरा भाग त्यांनी कधी तपासून पाहिलाच नव्हता, आणि ज्या माणसाचं सगळं आयुष्य तपासणीत गेलं त्याच्याकडून तो तपासून घ्यायचा, हे माझं काम होतं.

त्याआधी काही गोष्टी सरळ सांगणं भाग होतं. गैरसमज जागेवर असताना मनाशी बोलणी करण्यात वेळ जातो, म्हणून माहिती द्यायची तिथे मी आडवळण घेत नाही.

डोळ्यात एक पारदर्शक भिंग असतं. जवळचं बघताना ते फुगतं, लांबचं बघताना चपटं होतं. लहानपणी ते अगदी लवचीक असतं. दहा वर्षांच्या मुलानं पुस्तक नाकापासून सात-आठ सेंटिमीटरवर धरलं तरी त्याला अक्षर दिसतं. वयाबरोबर भिंग कडक होत जातं, आणि ही क्रिया चाळिशीत सुरू होत नाही, ती लहानपणापासून चाललेली असते. चाळिशीच्या आसपास ती फक्त आपल्या लक्षात येते, कारण तोवर स्पष्ट दिसण्याचं अंतर पुस्तक धरायच्या अंतरापुढे गेलेलं असतं. पन्नाशीत ते साधारण हातभर होतं. हे प्रत्येकाला होतं. फार वाचल्यानं किंवा मोबाइल बघितल्यानं हे भिंग कडक होत नाही. गाजरं खाऊन किंवा डोळे गोल फिरवून ते पुन्हा मऊही होत नाही.

"पण चष्मा लावला की नंबर वाढतो, हे तर खरं ना?" राजेंद्र यांचा प्रश्न.

नंबर वाढतो, पण तो चष्म्यामुळे नाही. चष्मा लावा वा न लावा, भिंग त्याच्या गतीनं कडक होतच राहतं. सुरुवातीला साधारण अधिक एकच्या आसपास असलेला वाचनाचा नंबर पन्नाशीत दोनच्या आसपास जातो आणि साठीनंतर अडीचच्या जवळपास बहुधा स्थिरावतो. न लावणाऱ्याचंही तेच होतं. फक्त मधली वर्षं त्यानं डोकं धरून काढलेली असतात.

ते ऐकून घेत होते, मानही डोलवत होते. पण माझी खात्री पटत नव्हती. इतकी हुशार व्यक्ती एवढ्या माहितीसाठी अडून राहत नाही. मी विचारलं, "तुमच्या घरात पहिला चष्मा कुणी लावला?"

बराच वेळ गेला. "वडिलांनी," ते म्हणाले. "मी आठवीत होतो. चष्मा लावला, मग नंबर बदलला, मग पुन्हा बदलला. शेवटी शेवटी त्यांना भिंतीला हात लावून चालावं लागायचं. काचबिंदू होता म्हणे. पण सुरुवात चष्म्यानं झाली होती, मॅडम. मी पाहिलंय."

आठवीतल्या मुलानं दोन गोष्टी एकापाठोपाठ पाहिल्या आणि एकीमुळे दुसरी झाली असं मनात लिहून ठेवलं. तीस वर्षांत ती नोंद कुणी पुन्हा वाचलीच नव्हती. मी त्यांना सांगितलं की वडिलांची नजर काचबिंदूनं गेली. काचबिंदूत डोळ्याची नस हळूहळू निकामी होते, बहुतेकदा दुखत-खुपत काही नाही, आणि गेलेली नजर परत येत नाही. वेळेवर सापडला तर औषधाचे थेंब घालून, लागलीच तर शस्त्रक्रिया करून तो बहुधा आटोक्यात ठेवता येतो. तो सापडतो तपासणीतच. आई-वडिलांना किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर आपल्याला तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

"म्हणजे मी ज्या भीतीनं डॉक्टरकडे जात नव्हतो..."

वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. मीही केलं नाही.

त्या दिवशी ते जायला तयार झाले, पण मन पुरतं वळलेलं नव्हतं. दाराशी पोचल्यावर म्हणाले, "तपासून घेतो. पण लाइनवर चष्मा लावून उभं राहायचं म्हणजे... आमच्याकडे इन्स्ट्रुमेंट जुनं झालं की रिजेक्ट करतात, मॅडम."

मी त्यांना परत बसायला सांगितलं. "कधी रिजेक्ट करता? नीट सांगा. समजा व्हर्नियर बंद केला आणि शून्य शून्यावर येत नाही. लगेच फेकता?"

"नाही! त्याला झिरो एरर म्हणतात. तो किती आहे बघायचा आणि रीडिंगमधून वजा करायचा. करेक्शन लावायचं."

"मग रिजेक्ट कधी?"

"जबडे घासले, ढिला झाला, दर वेळी वेगळं रीडिंग द्यायला लागला की. भरवसा राहत नाही त्याच्यावर. पण एरर ठरलेला असेल तर काय, करेक्शन लावून..."

आणि ते थांबले. मी काही बोलले नाही. या कामात मला कशाचा अभिमान असेल तर तो अशा वेळी गप्प राहण्याचा आहे. दोनदा त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोनदा आपल्या हातांकडे. मग हसले, आणि ते हसू मी त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच पाहत होते.

"आणि न सांगता चुकीचं रीडिंग पुढे पाठवणाऱ्याला आम्ही घरी बसवतो," ते म्हणाले. "गेलं वर्षभर मी तेच करतोय."

हे वाक्य मी त्यांना सांगितलं असतं तर त्यांनी ते सौजन्यानं ऐकून सोडून दिलं असतं. त्यांच्या धंद्यातून, त्यांच्याच तोंडून आलं म्हणून ते टिकलं. माणसाच्या कामात त्याचा सगळ्यात पक्का विवेक असतो, अशी माझी ठाम समजूत आहे. घरच्या प्रश्नांवर गोंधळणारा माणूसही आपल्या बाकावर, आपल्या वर्गात, आपल्या चुलीपाशी अगदी नेमका विचार करतो. तो विचार तिथून उचलून इथे आणायला त्याला फक्त सोबत लागते.

पुढचं थोडक्यात सांगते. नेत्रतज्ज्ञांनी डोळ्याचा दाब मोजला, नस पाहिली. सगळं ठीक होतं, पण वडिलांचा इतिहास ऐकून दर वर्षी तपासणी करायला सांगितली. वाचनाचा नंबर दीड निघाला. मी आधीच सुचवलं होतं, त्याप्रमाणे राजेंद्र यांनी व्हर्नियर डोळ्यांपासून किती लांब धरतात ते टेपनं मोजून नेलं होतं, आणि डॉक्टरांनी त्या अंतराला धरून नंबर दिला. कारखान्यात नंबरचाच सेफ्टी चष्मा करून घेतला. "चष्म्यानं हात मंदावेल का?" ही शंका उरली होती, तेव्हा मी त्यांना आसामच्या चहामळ्यांतला अभ्यास सांगितला. चाळिशीवरच्या ७५१ कामगारांना दोन गटांत विभागलं, एका गटाला जवळचा चष्मा दिला. त्यांनी रोज खुडलेल्या पानांचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी जास्त वाढलं. २०१८ मध्ये हे 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये छापून आलं. त्यांनी लगेच इन्स्पेक्टरचा प्रश्न विचारला, "आणि दुसऱ्या गटाचं काय?" त्यांनाही अभ्यास संपल्यावर चष्मे दिले, हे ऐकून त्यांना बरं वाटलं.

मुलीला त्यांनी स्वतः सांगितलं, "मला आकडे दिसत नव्हते गं, म्हणून टाळत होतो." त्या रात्री ती खूप रडली, असं तिच्या आईनं मला सांगितलं. आपण लपवतो तेव्हा समोरचा माणूस मोकळी जागा स्वतःच्या भीतीनं भरतो. मुलीनं ती 'बाबांना मी नकोशी झाले' अशी भरली होती, पत्नीनं नोकरीच्या काळजीनं. दीड नंबरचा चष्मा या दोन्हींपेक्षा किती हलका होता!

ज्यांच्या घरात असं टाळणं चालू आहे, त्यांना माझी विनंती आहे की 'म्हातारे झालात आता' ही थट्टा बंद करा. ती तुम्हाला गमतीची वाटते, ऐकणाऱ्याला तीच धास्ती असते. त्याऐवजी "मी माझे डोळे दाखवायला चाललेय, तुम्हीही चला" म्हणा आणि खरंच दोघं जा.

पहिला चष्मा रस्त्यावरच्या स्टॉलवरून घेऊन भागवू नका. तयार चष्म्यात दोन्ही डोळ्यांना एकच नंबर असतो, आपले डोळे सारखे असतीलच असं नाही, आणि डोळ्याचा दाब व डोळ्याच्या आतला पडदा तपासायचा राहून जातो, तो धोका मोठा. चाळिशीनंतरची पहिली तपासणी नेत्रतज्ज्ञांकडेच व्हावी. खर्चाची अडचण असेल तर पुण्यात ससून रुग्णालयाचा नेत्रविभाग आहे, हडपसरकडे महंमदवाडीचं एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालय आहे. मधुमेह असेल तर साखर आटोक्यात आल्यावर नंबर काढा, कारण साखर वरखाली झाली की नंबरही हलतो. पडद्याची तपासणी मात्र त्यासाठी थांबवू नका. अचानक एका डोळ्यानं कमी दिसणं, नजरेसमोर पडदा पडल्यासारखं वाटणं, विजेसारख्या चमका दिसणं हे चाळिशीचं लक्षण नाही. त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

चष्मा आला की आठ-पंधरा दिवस त्याला द्या. प्रोग्रेसिव्ह, म्हणजे एकाच काचेतून लांबचं आणि जवळचं दिसणारा चष्मा, घेतला असेल तर सुरुवातीला जिना तरंगल्यासारखा वाटतो. पायऱ्या उतरताना मान खाली घालून काचेच्या वरच्या भागातून बघा, कठडा धरा. फक्त वाचनाचा चष्मा असेल तर तो घालून दुचाकी चालवू नका, लांबचं धूसर दिसतं. वाचायला उजेड वाढवा. साठीच्या माणसाच्या पडद्यावर विशीतल्याच्या तुलनेत साधारण एक तृतीयांश उजेड पोचतो, त्यामुळे आजोबांनी दिवा मागितला तर "एवढा लख्ख तर आहे" म्हणू नका, लावून द्या.

आणि तपासणीला जाताना घरात कुणाला काचबिंदू होता का, हे आई-वडिलांना, आत्याला, मामांना फोन करून विचारून जा. डॉक्टर हा प्रश्न विचारतील, आणि बहुतेकांकडे उत्तर नसतं.