रत्नागिरीत ५ वर्षं चाललेली इलेक्ट्रिक गाडी: नव्या बॅटरीसाठी किती पैसे बाजूला ठेवावेत?

गाडीची मोठी बॅटरी, म्हणजे पॅक, ३० किलोवॅट-तासाचा आहे असं धरू. अंदाजासाठी किलोवॅट-तासाला १५ ते २० हजार रुपये धरा, म्हणजे साडेचार ते सहा लाख. पण एवढी रक्कम आजच अडकवू नका. बहुतेक कंपन्यांची वॉरंटी ८ वर्षं किंवा १,६०,००० किमी, जे आधी संपेल ते. तुमची अजून ३ वर्षं शिल्लक असेल. आधी सर्व्हिस सेंटरकडून बॅटरीच्या आरोग्याचा (एसओएच, म्हणजे नव्याच्या तुलनेत किती टक्के क्षमता उरली) छापील रिपोर्ट घ्या. ८५ टक्क्यांच्या वर असेल तर महिना ४ हजारांची आरडी पुरे. बरेचदा अख्खा पॅक नाही, एखादं मॉड्यूलच (पॅकमधला सेलचा एक गट) बिघडतं. ते एकटं बदलून मिळेल का, हे लेखी विचारा.

आपल्याकडे खरी धास्ती खाऱ्या हवेची आणि पाण्याची. पावसाळ्यानंतर गाडी लिफ्टवर चढवून पॅकचं खालचं कवच, बोल्ट आणि केबलचे जोड गंजलेत का ते बघून घ्या. चिपळूणसारखं पुराचं पाणी पॅकमध्ये शिरलं तर वॉरंटी सहसा हात वर करते, म्हणून विम्यात बॅटरीचं वेगळं कव्हर हवंच. आणि हो, १२ व्होल्टची छोटी बॅटरी विसरू नका. ती ३-४ वर्षांत जाते आणि गाडी सुरूच होत नाही; लोक उगाच मोठ्या पॅकला दोष देतात.