दमशेराज खेळताना गुण कसे द्यावेत?

प्रश्न : गणपतीत आमच्याकडे आठ-नऊ पाहुणे जमतात आणि दमशेराज रंगतो. गट पाडले की भांडणं होतात, म्हणून प्रत्येकजण आपापला खेळतो. आधी ओळखणाऱ्याला एक गुण, खाणाखुणा करणाऱ्याला एक. पण मोठ्या आवाजाचा माणूसच दरवेळी पुढे जातो, आणि सख्खे भाऊ आपसातल्या ठरलेल्या खुणा वापरतात. काय बदलावं?
— एक वाचक, खानापूर

उत्तर : ओरडणं बंद करा आणि उत्तर लिहून घ्या. प्रत्येकाला पेन आणि कागदाचे कपटे द्या, कपट्याच्या मागे नाव. साठ सेकंदांत ज्याचं उत्तर बरोबर, त्या प्रत्येकाला एक गुण. आणि जितकी उत्तरं बरोबर, तितके गुण खुणा करणाऱ्याला. आता भावालाच कळेल अशी खूण केली तर एकच गुण पडतो, सगळ्यांना कळेल अशी केली तर सहा-सात. चोरटी खूण करणं परवडतच नाही.

खुणा करणाऱ्याला प्रत्येक उत्तरामागे दोन गुण मात्र देऊ नका. मग तुमच्या बरोबर उत्तराने तो तुमच्यापेक्षा एकाने पुढे सरकतो, आणि शेवटी शेवटी माणसं मुद्दाम कोरा कपटा देतात. एकास एक ठेवलं की दोघांतलं अंतर तेवढंच राहतं, इतरांपुढे मात्र दोघंही जातात.

चिठ्ठ्या प्रत्येकाने दोन लिहाव्यात : एक सोपी (भाकरी थापणे), एक अवघड (उधारी). बाहेर आपलं नाव. पहिली फेरी सोप्या ढिगाची, दुसरी अवघड. नाहीतर एकाला दोन्ही वेळा सोपी येते आणि तिथेच निकाल लागतो. फेरी सुरू होण्याआधीच सगळ्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या. स्वतःचीच आली तर न उघडता शेजाऱ्याशी बदला.

ज्याने लिहिलेली चिठ्ठी चालू आहे त्याला उत्तर माहीतच असतं. त्याने त्या डावात लिहायचं नाही. घड्याळ धरायचं आणि कपटे तपासायचे, नाव न उलटता. आठ जण असले तर सोळा डाव होतात. त्यांतले दोन खुणांचे, दोन पंचगिरीचे. ओळखायला बारा उरतात, म्हणजे जास्तीत जास्त बारा गुण. खुणांचेही दोन वेळा सहा, म्हणजे बाराच. नऊ जण असले तरी दोन्ही बाजू चौदा-चौदा.

फेरी अर्धवट सोडू नका. जेवणाची पानं मांडली तर त्या फेरीचे गुण सरळ रद्द करा, कारण ज्याची पाळी राहिली त्याचं नुकसान होतं. लिहिता न येणाऱ्या मुलांनी उत्तर पंचाच्या कानात सांगावं.

प्रश्न : आमच्या गल्लीत निम्मी घरं कानडी. सिनेमांची नावं घेतली की एक बाजू गप्प बसते.
— एक वाचक, शहापूर, बेळगाव

उत्तर : सिनेमांची नावं बाद करा; त्यांचं भाषांतर होत नाही. वस्तू, कामं आणि दोघांच्या ओळखीच्या जागा घ्या : कुंदा (बेळगावची मिठाई), राजहंसगड, गोकाकचा धबधबा, विहिरीतून पाणी शेंदणे. खेळ मुका आहे, तेव्हा गुण अर्थाला. भाकरीच्या जागी कुणी ‘रोट्टी’ लिहिलं, मिठाच्या जागी ‘उप्पु’, तर पूर्ण गुण, लिपी कुठलीही असो. पंचाला दुसरी लिपी वाचता येत नसेल तर त्या डावात खुणा करणाऱ्याने नव्हे, आपला कपटा आधीच दिलेल्या तिसऱ्या कुणीतरी वाचून दाखवावं.