लेडली किंगची कारकीर्द गुडघ्यामुळे वाया गेली असं म्हणायचं का?

"वाया गेली" हा शब्द खटकला म्हणून लिहायला बसलो. किंग म्हणजे लंडनच्या टॉटनहॅम ऊर्फ स्पर्स या क्लबचा आणि इंग्लंडचा फुटबॉल बचावपटू. तुम्ही दोन गोष्टी विचारल्यात. गुडघ्यात कूर्चा उरलेली नसताना, आठवडाभर सराव न करता हा माणूस प्रीमियर लीगच्या सामन्यात उतरायचा कसा? आणि गुडघा धड असता तर तो जॉन टेरी, रिओ फर्डिनांड या इंग्लंडच्या नावाजलेल्या बचावपटूंच्याही पुढे गेला असता का? दुसऱ्याचं शेवटी बघू. पहिल्या प्रश्नावरून मी आमच्या अण्णांशी पंधरा वर्षं भांडतोय, त्यामुळे तिथून सुरुवात करतो.

मी कोल्हापूरचा. पेठेतल्या एका टीमकडून सात हंगाम स्टॉपर, म्हणजे मधला बचावपटू, खेळलो. २००८ च्या हंगामात डाव्या गुडघ्याची गादी फाटली. दुर्बिणीचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी फाटका तुकडा काढून टाकला आणि सांगितलं, खेळ, पण रोज पळू नकोस. सामना खेळलो की रात्री गुडघा नारळाएवढा व्हायचा. रंकाळ्यावरच्या रसवाल्याकडून बर्फाची लादी घ्यायची, गोणपाटात घालून फोडायची आणि टॉवेलात बांधून पाय उशीवर टाकून पडायचं. रविवारी सामना झाला तर बुधवारपर्यंत पाय पूर्ण दुमडायचा नाही. गुरुवारी जरा बरं वाटायचं. शुक्रवारी जिना नीट उतरता यायचा. पुढच्या रविवारी परत सामना.

अण्णा म्हणजे आमच्या टीमचे सर्वेसर्वा. त्यांच्या काळातले नावाजलेले बॅक. पहाटे साडेपाचला सायकलला बॉलची पिशवी अडकवून गांधी मैदानावर हजर, पाऊस असो वा थंडी. त्यांचा एकच नियम: सरावाला नाही तो सामन्याला नाही. मी त्यांना म्हणालो, अण्णा, मी पळायला येत नाही, त्या वेळात पंचगंगेत पोहतो, घरी मांडीचे व्यायाम करतो, पण सामन्याला मला घ्या. ते म्हणाले, "पोहायचं असंल तर पोहायच्या टीममदनं खेळ."

तेव्हा माझ्यासमोर किंगचं उदाहरण होतं. मी स्पर्सचा समर्थक झालो तो त्याच्यामुळेच. २००६ च्या नोव्हेंबरमधली ती रविवारची रात्र, स्पर्सच्या व्हाइट हार्ट लेन मैदानावर चेल्सीशी सामना. आर्येन रॉबेन सगळ्यांना मागे टाकून एकटा गोलकीपरसमोर गेला. रॉबेन, म्हणजे त्या वेळच्या जगातल्या सगळ्यात वेगवान पायांपैकी एक. किंग मागून पळत आला, त्याला गाठलं आणि मारायला पाय उचलायच्या आत चेंडू काढून घेतला. रॉबेनला धक्का नाही, शर्ट ओढणं नाही, शिट्टी नाही. स्पर्सनं तो सामना २-१ नं जिंकला, लीगमध्ये चेल्सीला १९९० नंतर पहिल्यांदा हरवलं. मी ती टॅकल किती वेळा बघितली असेल याचा हिशोब नाही. प्रत्येक वेळी मी रॉबेनकडे बघत नाही. किंग कुठून निघाला ते बघतो. चेंडू सुटायच्या आधीच तो वळलेला असतो.

सराव न करता कसा खेळायचा, याचं माझं उत्तर हेच आहे. स्टॉपरचं निम्मं काम डोळ्यांनी होतं. कुठला पास येणार, फॉरवर्ड कुठल्या पायावर वळणार, आपला जोडीदार किती मागे राहिलाय, हे ज्याला कळतं त्याला दहा पावलं कमी पळावं लागतं. किंग खाली घसरून टॅकल करायचा तो अगदी नाइलाज झाला तरच. घसरलं की उठावं लागतं, उठताना गुडघा पिळतो. म्हणून तो उभा राहायचा, अंतर ठेवायचा, फॉरवर्डला कोपऱ्यात ढकलत न्यायचा. त्याची लीगमधली यलो कार्डं मोजायला दोन्ही हातांची बोटंसुद्धा जास्त होतात. आर्सेनलचा फॉरवर्ड थिएरी ऑन्री याच्यासारख्यानं सांगितलंय की हा एकच बचावपटू मला धरत नाही आणि तरी सहज चेंडू घेऊन जातो. असला डोळा पहाटेच्या वीस फेऱ्या मारून येत नाही, आणि एकदा आला की चार दिवस न पळाल्यानं जातही नाही.

बाकी सांभाळणं होतंच. आठवडाभर जिम, पाण्यातला व्यायाम, सूज उतरेपर्यंत विश्रांती. हॅरी रेडनॅप मॅनेजर झाल्यावर त्यांनी उघडपणे सांगितलं होतं की गुडघ्यात ऑपरेशन करण्यासारखंही काही उरलेलं नाही, हाडावर हाड घासतंय, पण हंगामात वीस सामने खेळला तरी हा माणूस मला हवा. आणि २००९-१० मध्ये तो लीगचे बरोबर २० सामने खेळला. स्पर्स त्या वर्षी चौथे आले. ५ मे २०१० ला मँचेस्टर सिटीच्या मैदानावर चौथ्या जागेचा फैसला होता. आपल्याकडे रात्रीचे साडेबारा वाजून गेले होते. स्पर्सच्या क्राउचनं हेडरवर गोल केला तो सगळ्यांना आठवतो. मला त्याआधीचा आणि नंतरचा किंग आठवतो. सिटीच्या महागड्या फॉरवर्ड लोकांना त्यानं मान वर करू दिली नाही. १-० जिंकून स्पर्स पहिल्यांदाच चॅम्पियन्स लीगच्या, म्हणजे युरोपातल्या सगळ्यात मोठ्या क्लब स्पर्धेच्या, दारात पोचले.

त्याच हंगामात माझं काय झालं ते सांगतो. आमची सेमीफायनल होती, शाहू स्टेडियमवर. गॅलरी भरलेली, हलगी चालू. मी अकरा दिवस सामना खेळलो नव्हतो, गुडघा गेल्या दोन वर्षांत कधी नव्हता इतका हलका होता. बूट बांधले, मोजे वर ओढले, पॅड लावले. अण्णांनी नावं वाचली. माझं नाव नव्हतं. माझ्या जागी एकोणीस वर्षांचा पोरगा, मनाचा चांगला, पायानं माझ्या दुप्पट वेगवान, रोज सरावाला येणारा. दुसऱ्या हाफमध्ये समोरून लांब बॉल पडला. पोरगं घाईनं घसरलं, बॉल चुकला, त्यांचा फॉरवर्ड मोकळा. गोल. १-० नं हरलो. मी बेंचवरून उभा राहून "घसरू नको, घसरू नको" असं ओरडत होतो, पण हलगीत कुणाला ऐकू जाणार.

मी असतो तर तो गोल झाला नसता. हे मी तेव्हा म्हणालो आणि आजही म्हणतो.

रात्री अण्णांच्या घरी गेलो. किंगचं सगळं सांगितलं, वीस सामने, रेडनॅप, सगळं. अण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, "त्येच्या टीममदी पंचवीस पगारी माणसं हायत. माझ्याकडं सोळा पोरं. आज तुला सूट दिली की उद्या पाच जण गुडघं धरून घरात बसत्यात. आन् दुसरं, त्यो किंग हाय. तू कोण?"

याला उत्तर सुचलं नाही. उठून आलो.

जूनमध्ये वर्ल्ड कप लागला. आमच्या तालमीत मोठा टीव्ही, सगळी पेठ जमलेली. १२ जूनला इंग्लंडची अमेरिकेशी पहिली मॅच, दक्षिण आफ्रिकेत रुस्टेनबर्गला. फर्डिनांड स्पर्धेआधीच जखमी झालेला, इंग्लंडचे मॅनेजर कपेलो यांनी टेरीच्या जोडीला किंगला घेतलेलं. माझी छाती भरून आली होती. पहिला हाफ संपला, १-१. दुसरा हाफ सुरू झाला तर किंगच्या जागी कॅराघर. जांघेचा स्नायू दुखावला होता. तो त्याचा इंग्लंडसाठीचा शेवटचा सामना ठरला. अण्णा माझ्यापासून तीन खुर्च्या सोडून बसले होते. त्यांनी माझ्याकडे फक्त बघितलं आणि म्हणाले, "बघितलंस?"

गेली कित्येक वर्षं तो एक शब्द माझ्या डोक्यात आहे. अण्णांना म्हणायचं होतं की सराव नाही म्हणून शरीर टिकलं नाही. मी म्हणतो, सराव करायला लावला असता तर तो आफ्रिकेपर्यंत पोचलाच नसता. रोज पळवलं असतं तर तो गुडघा २००७ मध्येच संपला असता. आपल्याला ४५ मिनिटांचा वर्ल्ड कप दिसतो, त्यामागची तीन वर्षं कशी ओढून आणली ते दिसत नाही.

आता "वाया" या शब्दाकडे येतो. मे १९९९ मध्ये लिव्हरपूलविरुद्ध पदार्पण. डिसेंबर २००० मध्ये ब्रॅडफर्डच्या मैदानावर सामना सुरू होऊन दहा सेकंद व्हायच्या आत गोल. प्रीमियर लीगमधल्या सगळ्यात जलद गोलाचा हा विक्रम २०१९ पर्यंत टिकला, शेन लाँगनं मोडेपर्यंत. २००१ मध्ये स्पर्सचा बचावपटू सोल कॅम्पबेल फुकटात कट्टर प्रतिस्पर्धी आर्सेनलला निघून गेला, स्पर्सच्या लोकांचा त्या पोकळीतला आधार हा वीस वर्षांचा पोरगा झाला. २००५ पासून कप्तान. २००७-०८ मध्ये लीगचे जेमतेम चार सामने खेळला, पण फेब्रुवारीत वेम्बलीवर चेल्सीला २-१ हरवून लीग कप जिंकला तेव्हा मैदानात होता आणि रॉबी कीनबरोबर चषक त्यानंच उचलला. इंग्लंडकडून २१ सामने. स्पर्सकडून ३२३, दुसऱ्या कुठल्याच क्लबचा शर्ट अंगाला लागला नाही. निवृत्ती जुलै २०१२, वय ३१. पुढे क्लबचा राजदूत, २०२० पासून काही काळ मोरिन्योच्या हाताखाली प्रशिक्षकांत. यातलं वाया काय गेलं? तुम्ही न झालेल्या सामन्यांची बेरीज करताय. मी झालेल्यांची करतो.

तुमच्यापैकी कुणी पोरांना शिकवत असेल तर स्पष्ट सांगतो. सगळ्यांना एकच फेऱ्या मारायला लावणं म्हणजे शिस्त नव्हे. प्रत्येक पोराचा गुडघा वेगळा. ज्याला पाण्यात व्यायाम करायचाय त्याला करू द्या, फक्त त्यानं तो केला की नाही ते तपासा. बाकीच्या पोरांना समजावून सांगा, पोरांना कळतं. स्पर्सच्या ड्रेसिंग रूममध्ये करोडो कमावणाऱ्यांना कळलं, आपल्या पेठेतल्यांना का नाही कळणार? गेल्या हंगामापासून मी आमच्या टीमचं थोडं बघतो. एक पोरगा आहे, बॅक, अशाच गुडघ्याचा. त्याला पहाटे पळवत नाही, पंचगंगेला पाठवतो. अण्णा गॅलरीत बसून नाराजी दाखवतात. दाखवू देत.

मात्र हेही लिहायला हवं, नाहीतर कुणीतरी माझं ऐकून पाय घालवून बसेल. किंगभोवती डॉक्टर, फिजिओ होते, सूज उतरली नाही तर न खेळण्याची मुभा होती, आणि पगार चालू होता. तरीही २०१०-११ मध्ये, ज्या चॅम्पियन्स लीगसाठी इतकं केलं त्याच हंगामात, तो लीगचे सहाच सामने खेळू शकला. अण्णांचं सोळा पोरांचं गणित त्यामुळे अगदीच खोटं म्हणता येत नाही. आज माझं वय चाळीस. पंगतीत मांडी घालून बसता येत नाही, जोतिबाच्या पायऱ्या चढतो पण उतरताना कठडा धरावा लागतो. गुडघा सुजत असेल तर आधी चांगल्या अस्थिरोग डॉक्टरांना दाखवा, त्यांनी नको म्हटलं तर खेळू नका.

राहिला टेरीचा प्रश्न. टेरी आणि किंग लहानपणी पूर्व लंडनमधल्या सेनरॅब नावाच्या एकाच पोरांच्या क्लबात खेळलेले. टेरीनं ट्रॉफ्या जिंकल्या, त्याचं शरीर टिकलं, ते श्रेय त्याचं. पण २००४ च्या युरोत लिस्बनला फ्रान्सविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात टेरी जखमी होता आणि त्याच्या जागी २३ वर्षांचा किंग उतरला. जोडीला तोच सोल कॅम्पबेल. समोर ऑन्री, त्रेझगे, झिदान. नव्वद मिनिटं झाली तेव्हा इंग्लंड १-० नं पुढे होतं. नंतरच्या भरपाईच्या (इंज्युरी टाइम) मिनिटांत झिदाननं एक फ्री किक मारली, एक पेनल्टी मारली आणि सामना गेला. चालू खेळातून फ्रान्सला एकही गोल करता आला नाही. तो सामना कुठे मिळाला तर बघा, आणि चेंडू सोडून फक्त किंगकडे बघा.