आधी टॅब उघडायला लाव

प्रिय,

तुझा तासाचा आराखडा वाचला. 45 स्लाइड, आणि खाली तुझाच प्रश्न: ‘मुलं माना डोलावतात, बदलत काहीच नाही. कुठं चुकतंय?’

तू बोलत राहायचं आणि त्यांचे हात रिकामे, इथं चुकतंय. डिजिटल नागरिकत्व, म्हणजे इंटरनेटवर सुरक्षित आणि जबाबदारीनं वागणं, हा प्रात्यक्षिकाचा विषय आहे. 50 मिनिटांतली 10 तुझी, 40 त्यांच्या हातांची.

पहिला तास पडताळणीचा. दोघादोघांत एक दुवा दे आणि 30 सेकंदांत ते पान सोडायला लाव. नवे तीन टॅब उघडून त्या संकेतस्थळाबद्दल बाकीचे काय म्हणतात ते शोधू देत. मुलं त्याच पानावर रेंगाळतील. मांडणी नेटकी आहे, ‘आमच्याविषयी’त भारदस्त मजकूर आहे, पत्त्याच्या शेवटी ‘ओआरजी’ आहे, म्हणून विश्वास ठेवतील. ओआरजी पत्ता कुणालाही घेता येतो, हे तिथल्या तिथं दाखव. सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू या संशोधकांनी 2017 साली मांडलेल्या अभ्यासात 10 इतिहासतज्ज्ञ, 10 व्यावसायिक तथ्य-तपासनीस आणि स्टॅनफर्डचे 25 विद्यार्थी होते. तपासनीस झटकन पानाबाहेर पडून दुसरीकडे शोधायचे. इतिहासतज्ज्ञ नि विद्यार्थी मात्र बऱ्याचदा पानाच्या रूपाला भुलले. तेव्हा प्रश्न हुशारीचा नाही, सवयीचा आहे, आणि सवय हातांनाच लागते.

फसवणुकीच्या बातम्यांच्या त्या स्लाइड काढून टाक. घाबरलेलं मूल विषयच टाळतं.

त्याऐवजी टू-स्टेप व्हेरिफिकेशन, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारी सोय, वर्गातच चालू करून घे. ते झालं की बॅकअप कोड, म्हणजे फोन नसताना खातं उघडायचे राखीव कोड, लगेच कागदावर, उद्यावर ढकलायचं नाही. ते नसले आणि फोन हरवला की खात्याबाहेर अडकायला होतं, आणि एकदा अडकलेला विद्यार्थी पुढं ती सोयच बंद करून टाकतो. अ‍ॅपमधला सहा आकडी कोड चालेना, तर फोनचं घड्याळ बघ. तो कोड वेळेवरून तयार होतो आणि साधारण दर 30 सेकंदांनी बदलतो. घड्याळ पुढंमागं असलं की जुळत नाही. दाखवताना सरावाचं खातं वापर. त्यांच्या फोनला हात लावू नकोस, बोटं त्यांचीच चालली पाहिजेत.

लोकेशन चालू ठेवून काढलेला फोटो मूळ फाइल म्हणून पाठवला, तर अक्षांश-रेखांश बहुधा सोबत जातात. हेही सांगू नकोस, फाइलची माहिती उघडून त्यांनाच वाचू दे.

आम्ही बरीच वर्षं हा विषय नियमावलीसारखा वाचून दाखवण्यात घालवली. ती वर्षं परत मिळत नाहीत, म्हणून इतकं कडक लिहितो आहे. अभ्यासक्रम मागं पडतो, अशी तक्रार येईल. येऊ दे. सगळे मुद्दे स्लाइडवर ‘पूर्ण’ झाले आणि तोच पासवर्ड सात ठिकाणी राहिला, तर पूर्ण काय झालं? यालाच हट्ट म्हणत असतील, तर तो मी सोडणार नाही.

परीक्षेत व्याख्या विचारू नकोस. प्रत्येकाकडून एक पान घे: कोणता दावा तपासला, कोणते टॅब उघडले, कुठं फसायला झालं, मग काय केलं. फसल्याची कबुली देणाऱ्याचे गुण कापू नकोस, नाहीतर पुढच्या वेळी सगळे खोटं लिहितील.

सोमवारी स्लाइड नेऊ नकोस. दुवा कोणता द्यायचा ते आजच ठरव, आणि आधी स्वतः तीन टॅबांत तपासून बघ.