ग्रंथपालांना विचारा: पुस्तक कपाटात, पण संगणकात नाही

प्रश्न : आमचं वाचनालय अमळनेर तालुक्यातलं, 'क' वर्गाचं. पुस्तकं साडेचार हजार. दोन वर्षांपूर्वी एका खासगी कंपनीकडून सॉफ्टवेअर घेतलं, नोंदी करायला गावातली मुलं बसवली. आता वाचक पुस्तक मागतो, संगणक 'आढळले नाही' म्हणतो आणि तेच पुस्तक कपाटात निघतं. कार्यकारी मंडळात दोन तट पडलेत. काही म्हणतात सॉफ्टवेअर बदला, काही म्हणतात रजिस्टरंच बरी होती. काय करावं?
— एका ग्रामीण वाचनालयाचे कार्यवाह

उत्तर : कार्यवाह महोदय, सप्रेम नमस्कार. सॉफ्टवेअर बदलू नका. निदान आत्ता तरी नाही. दोष त्यात भरलेल्या नोंदींचा असण्याची शक्यता फार मोठी आहे, आणि त्याच नोंदी नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेल्या तर तिथेही हेच होईल.

हे मी स्वतः भोगलंय. देवघेवीच्या टेबलाशी माझी एकतीस वर्षं गेली. संगणक आला त्या साली एक आजी आल्या, गुडघ्यांनी बेजार. 'भाऊ, हातपाय दाबाना इलाजनं पुस्तक शे का?' मी 'ॲक्युप्रेशर' टाइप केलं. एकही नाही. आजींना परत पाठवलं. संध्याकाळी आरोग्याच्या कपाटात तशी तीन पुस्तकं दिसली, आणि त्या रात्री मला नीट झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी कारण सापडलं. नोंद करणाऱ्या मुलाने आधी 'अ' उमटवून त्यावर चंद्र दिला होता. मी 'ॲ' हे सबंध अक्षर एका कळीने उमटवत होतो. हे सबंध अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणाऱ्या, सगळ्या संगणकांवर चालणाऱ्या पद्धतीत, 2008 साली आलं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसतात, संगणकाला ती वेगळी. 'शेतकऱ्यांसाठी' या शब्दातला ऱ्य सुद्धा दोन तऱ्हांनी उमटवता येतो. केळी-कापसावरची पुस्तकं ज्या गावात सर्वांत जास्त मागितली जातात, तिथे ही चूक किती महागात पडते बघा.

दुसरी गोष्ट लेखकांच्या नावांची. तुमच्याच अमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिकवलेले साने गुरुजी घ्या. 'साने गुरुजी', जोडून 'सानेगुरुजी', 'साने, पां. स.' आणि 'साने, पांडुरंग सदाशिव' अशा चार नोंदी झाल्या, तर संगणकाच्या लेखी ते चार लेखक होतात. धरणगावच्या बालकवींचं तेच, एकीकडे बालकवी आणि दुसरीकडे ठोमरे. कोणतं तरी एक रूप ठरवा, ते वहीत लिहून भिंतीवर लावा आणि बाकीच्या रूपांखाली 'अमुक पहा' अशी नोंद ठेवा. कार्डांच्या तालिकेत आपण हेच करत होतो.

नोंदी जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये झाल्या असतील तर मात्र त्या आधी युनिकोडमध्ये आणाव्या लागतील. तो फाँट नसलेल्या संगणकावर अशा नोंदी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसतात. रूपांतर करणारी साधनं मिळतात, पण जोडाक्षरांत हमखास घोळ होतो. मराठी चांगलं असलेल्या माणसाची नजर त्यावरून फिरायलाच हवी.

सगळं परत टाइप करायची गरज नाही. नोंदी एक्सेलमध्ये काढा, लेखकाच्या रकान्याने क्रम लावा, सारखी नावं बहुतेक शेजारी येतात आणि एका झटक्यात दुरुस्त होतात. नंतर पुस्तक प्रत्यक्ष हातात घेऊन पडताळा. रोज पन्नास केलीत तर नव्वद दिवसांत काम संपतं. उन्हाळ्यात दुपारी वीज गेली की पुस्तकांवरचे दाखल अंक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा त्याला दिलेले क्रमांक, दाखल नोंदवहीशी ताडा, त्याला वीज लागत नाही.

दाखल नोंदवही बंद करायची नाही. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली आपल्याला मान्यता आणि अनुदान मिळतं, आणि तपासणीत ती वही समोर ठेवावी लागते. पुस्तकावरचा, वहीतला आणि संगणकातला दाखल अंक एकच असला पाहिजे. तिन्ही जुळले की बाकीची चूक कधीही शोधता येते.

आणि कंपनीला आजच एक पत्र लिहा : आमच्या सर्व नोंदी एक्सेल आणि मार्क 21 (ग्रंथालयांच्या नोंदींचा प्रमाण साचा) या दोन्ही स्वरूपांत आम्हाला द्या. टाळाटाळ झाली, तर मात्र सॉफ्टवेअर बदलण्याचा विचार जरूर करा. न्यूझीलंडच्या एका ग्रंथालयासाठी तयार झालेलं 'कोहा' 2000 पासून वापरात आहे आणि विनामूल्य आहे. कोहा म्हणजे माओरी भाषेत भेट. मात्र ते बसवायला आणि सांभाळायला जाणकार माणूस लागतो, त्याचा खर्च आधी धरा. काहीही वापरा, पण दर आठवड्याला नोंदींची एक प्रत वाचनालयाबाहेर, कुणाच्या तरी घरी ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे पुस्तक थकलं म्हणून वाचनालयाने माझं नाव, मोबाइल नंबर आणि पुस्तकाचं नाव गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. पुस्तक नवरा-बायकोच्या भांडणांवरचं होतं. आता तिथे जायची लाज वाटते.
— एक वाचक, शिंदखेडा तालुका

उत्तर : ताई, लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही. चूक वाचनालयाची आहे आणि ती गंभीर आहे. कोण काय वाचतं हे वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातलं असतं. सॉफ्टवेअरमधून थकबाकीची यादी एका कळीवर निघते, ती ज्यांच्याकडे पुस्तकं थकलीत त्यांना एकेकट्याला कळवण्यासाठी. पुस्तक परत आलं की त्या देवघेवीच्या नोंदीतून वाचकाचं नाव पुसून टाकायची सोय कोहासारख्या प्रणालीत आहे, ती सुरू ठेवावी. तुम्ही अध्यक्षांना लेखी कळवा आणि तो संदेश काढून टाकायला सांगा. पुस्तक मात्र परत करा, आणि जमलं तर पुढचं घेऊनच या.