एट्रियल फिब्रिलेशन: ठोके नियमित करायचे की फक्त वेग आवरायचा?

तुमच्या आईंचं वय 68, बीपी आणि डायबेटिस आहे, तीन महिन्यांपूर्वी एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडण्याचा आजार, निघाला. एक डॉक्टर म्हणतात वेग कमी करणारी गोळी पुरे, दुसरे ॲब्लेशन सुचवतात, म्हणजे नळी घालून हृदयातल्या गडबड करणाऱ्या जागा निकामी करण्याची प्रक्रिया. कोणाचं ऐकावं, असं तुम्ही विचारलंय.

मी फिजिशियन आहे. आईंना मी तपासलेलं नाही, त्यामुळे अंतिम निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच. पण तुमच्या प्रश्नात रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा उल्लेखच नाही, आणि मला आधी काळजी वाटली ती त्याचीच.

या आजारात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरत राहतात. डाव्या वरच्या कप्प्याला एक लहानशी पिशवी असते. तिथे रक्त साकळून गुठळी होते, ती मेंदूत गेली की पक्षाघात. हा धोका इतरांपेक्षा साधारण पाचपट. कोणाला किती, हे गुण मोजून ठरवतात. बीपीचा एक, डायबेटिसचा एक, 65 ते 74 वयाचा एक. आईंचे तीन तर इथेच झाले. एवढे गुण असताना रक्तस्रावाची मोठी भीती नसेल तर रक्त पातळ करणारी गोळी सुरू करतातच. ॲस्पिरिनवर भागत नाही. बहुतेकांना अपिक्साबान किंवा रिव्हारोक्साबानसारखी नवी औषधं चालतात. हृदयाची माइट्रल झडप बरीच अरुंद झाली असेल किंवा धातूची झडप बसवली असेल तर मात्र वॉरफरिनच. आणि ॲब्लेशन यशस्वी झालं म्हणून ही गोळी सुटत नाही. ती गुणांवर ठरते, ठोक्यांवर नाही.

आता तुमचा मूळ प्रश्न. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अफर्म अभ्यासात चार हजारांवर रुग्ण होते. वेग आवरला काय किंवा लय सुधारली काय, मृत्यूंच्या प्रमाणात ठळक फरक दिसला नाही. त्यामुळे पुढे बरीच वर्षं वेगावरच समाधान मानलं गेलं. 2020 च्या ईस्ट-एएफनेट 4 अभ्यासाने ते चित्र बदललं: निदानानंतर वर्षभराच्या आत लय सुधारायला घेतली तर हृदयविकाराने होणारे मृत्यू आणि पक्षाघात कमी झाले. आई याच मुदतीत आहेत, म्हणून दुसऱ्या डॉक्टरांचं म्हणणं मला रास्त वाटतं. फक्त त्या अभ्यासातही बहुतेकांची सुरुवात औषधांनीच झाली होती, ॲब्लेशनने नाही. ॲब्लेशन चांगलं आहे, पण काहींना ते पुन्हा करावं लागतं, आणि क्वचित हृदयाभोवती रक्त साचण्यासारखी गुंतागुंतही होते.

आईंना त्रास काय होतो, हे नीट विचारा. "काही होत नाही" म्हणणाऱ्या अनेकांना मी जिन्याबद्दल विचारते, तेव्हा कळतं की हल्ली मधेच थांबावं लागतं आणि ते त्यांनी वयावर ढकललेलं असतं. असा दम लागत असेल, किंवा इकोमध्ये (हृदयाच्या सोनोग्राफीत) हृदयाचं पंपिंग कमी आलं असेल, तर लय सुधारण्याकडे माझा कल राहील. खरंच त्रास नसेल, डावा वरचा कप्पा खूप मोठा झाला असेल, तर वेग आवरणंही पूर्णपणे योग्य उपचार आहे. मग विश्रांतीच्या वेळी ठोके 110 च्या खाली असले तरी सुरुवातीला चालतं. मात्र ते मनगटावर मोजू नका. या आजारात काही ठोके इतके दुबळे पडतात की नाडीपर्यंत पोचतच नाहीत, म्हणून छातीवर स्टेथोस्कोप ठेवून पूर्ण मिनिट मोजून घ्या.

पुढच्या भेटीला इको, थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे रिपोर्ट न्या. नव्या गोळ्यांचा डोस ठरवताना किडनीचं काम पाहावं लागतं. आई झोपेत मोठ्याने घोरत असतील, मधेच श्वास अडकत असेल, तर तेही डॉक्टरांच्या कानावर घाला. स्लीप ॲप्नियावर उपचार झाले नाहीत तर ॲब्लेशननंतरही एट्रियल फिब्रिलेशन उलटण्याची शक्यता वाढते.