मुलं मागून एकटी येणार असतील तर आधी दाजींचं ठरवा

ताई, तुमचा बेत नीट वाचला. तुम्हाला इंग्लंडच्या सरकारी रुग्णालयात नर्सची नोकरी लागली आहे आणि जानेवारीत हजर व्हायचं आहे. मुलगी पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे कर्नाटकातल्या बारावीला, आणि मुलगा एसएसएलसीला, म्हणजे दहावीला. परीक्षा होईपर्यंत मुलं बेळगावजवळच्या खानापुरात आजी-आजोबांकडे राहतील, मग दोघंच विमानानं तुमच्याकडे येतील. दाजी मात्र शेती आणि म्हातारी माणसं बघायला दोन-तीन वर्षं तिथंच थांबतील. अठरा वर्षांखालच्या मुलांना आईवडील बरोबर नसताना व्हिसा मिळतो का, असं तुम्ही विचारलंय.

मिळतो. मुलांनी एकट्यानं प्रवास करणं ही यातली सोपी बाब आहे. तुमचं गाडं अडेल ते दाजींच्या थांबण्यावर.

तुमच्या व्हिसावर अवलंबून म्हणून मुलांचा अर्ज जातो, तेव्हा आई आणि वडील दोघंही ब्रिटनमध्ये राहत असावे लागतात, किंवा दोघंही त्याच वेळी येणार असावे लागतात. दुसरा पालक हयात नसेल, किंवा मुलांची संपूर्ण जबाबदारी एकट्या तुमच्यावरच असेल, तर सूट मिळते. तिसरी वाट गंभीर आणि सबळ कारणांची, पण शेती बघायची आहे हे कारण तिथं टिकणार नाही. आपल्याकडे बॉण्डवर लिहून नोटरीचा शिक्का मारला की काम झालं, असं सगळे धरून चालतात. इथं दाजींनी ‘माझी काही हरकत नाही’ असं लिहून दिलं तरी उपयोग नाही. उलट मुलं रोज त्यांच्याच घरात जेवतात, त्यांच्याच सहीनं शाळेत जातात, म्हणजे जबाबदारी दोघांची आहे, हेच त्यातून दिसतं. चांगल्या घरांतल्या मुलांचे अर्ज याच एका कारणानं परत जातात, म्हणून एवढं लांबण लावून सांगतोय. दाजींना तुमच्याबरोबरच जोडीदार म्हणून अर्ज करू दे. शेत वाट्यानं लावता येईल. आणि ‘नाव घाला, व्हिसा काढा, राहा इथंच’ असं कुणी एजंट सुचवेल, त्याचं ऐकू नका. अर्जात खोटं निघालं तर तुमची नोकरीसुद्धा जाईल.

व्हिसासाठी रुग्णालय तुम्हाला स्पॉन्सरशिपचं प्रमाणपत्र देतं, त्यावरचा कामाचा कोडही आताच बघून घ्या. ६१३५ किंवा ६१३६ असेल, तर ते नर्सचं नव्हे, केअर वर्करचं, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची देखभाल करण्याचं काम आहे. त्या कामावर नव्यानं येणाऱ्यांना ११ मार्च २०२४ पासून कुटुंब आणता येत नाही, आणि २२ जुलै २०२५ पासून परदेशातून त्या कामासाठी भरतीच बंद आहे. बेळगावात नर्सिंग झालेल्या मुलींना नर्स म्हणून सांगून केअरच्या कामाचे कागद देणारे लोक आहेत. मला त्याचा फार राग येतो.

आता मुलगी. जूनमध्ये तिला अठरा पूर्ण होतात म्हणता. मूल म्हणून पहिला अर्ज करायचा तर अर्जाच्या दिवशी वय अठराच्या आत हवं. तारीख हुकली की हा दरवाजा बंद. म्हणून निकालाची वाट बघू नका, पेपर संपले की त्याच आठवड्यात अर्ज भरा. मुलाला घाई नाही, पण त्याचाही बरोबरच टाका.

मुलांच्या अर्जाच्या वेळी तुम्ही दोघं इकडे इंग्लंडमध्ये असणार, म्हणून काही कामं डिसेंबरच्या आत उरका. लहान मुलाचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. मुलाचा संपत आला असेल तर आताच बेळगावच्या पोस्टातल्या पासपोर्ट केंद्रात नवा करा. त्याला दोन्ही पालकांचं प्रतिज्ञापत्र लागतं, आणि तुम्ही इकडे आल्यावर तेच भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून पाठवायला बसावं लागेल. पंधरा वर्षांवरच्या मुलांना दहा वर्षांचा पासपोर्टही मागता येतो.

जन्माचा दाखला काढा आणि पासपोर्टशेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. आपल्या भागात हीच कटकट जास्त. लक्ष्मी हे एकच नाव एका कागदावर ‘एक्स’ घालून, दुसऱ्यावर ‘के-एस-एच’ घालून. आईचं नाव दाखल्यावर माहेरचं, पासपोर्टवर सासरचं. बेळगावचं नाव १ नोव्हेंबर २०१४ ला बदललं, त्यामुळे गावाच्या नावातला फरक समजावून सांगता येतो. आईच्या नावातला फरक जड जातो. दाखला फक्त कानडीत असेल तर इंग्रजी भाषांतर हवं, आणि त्यावर भाषांतर करणाऱ्याचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि ‘हे अचूक आहे’ असा मजकूर हवा.

क्षयरोगाची तपासणी मान्यताप्राप्त दवाखान्यातच करावी लागते, आपल्याला बेंगळुरू किंवा मुंबई. प्रमाणपत्र सहा महिने चालतं. बोटांचे ठसे द्यायलाही बेळगावात केंद्र नाही. मुलगा सोळाच्या आत आहे, त्याच्याबरोबर आजोबांना जावं लागेल. त्यांच्या नावे तुम्हा दोघांच्या सहीचं अधिकारपत्र करून ठेवा.

पैशाचं सांगतो: रुग्णालय प्रमाणपत्रात खर्चाची हमी देत नसेल, तर जोडीदारासाठी २८५, पहिल्या मुलासाठी ३१५ आणि दुसऱ्यासाठी २०० पौंड सलग २८ दिवस खात्यात दाखवावे लागतात. इथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठी व्हिसाबरोबर भरायचा आरोग्य अधिभार तुमच्या प्रकारच्या व्हिसाला माफ आहे.

प्रवासाला मुंबई किंवा बेंगळुरूहून लंडनचं थेट विमान घ्या, मधल्या देशाचे नियम आड येत नाहीत. मुलांच्या पाठपिशवीत तुम्हा दोघांच्या सहीचं पत्र असू दे: कुठं राहणार, घ्यायला कोण येणार, पत्ता, फोन. सोबत तुमच्या पासपोर्टची आणि व्हिसाची प्रत. व्हिसा आता ऑनलाइन खात्यात असतो, तेव्हा मुलांचा चालू पासपोर्ट त्या खात्याला जोडला आहे का, ते निघायच्या आधी तपासा. आमची मोठी सोळाव्या वर्षी एकटी आली. हीथ्रोवर अधिकाऱ्यानं तिला वडील काय काम करतात, घरी कोण कोण आहे, बाहेर कोण उभं आहे, एवढंच विचारलं आणि पत्र वाचून जाऊ दिलं. फोनची बॅटरी संपली होती, पण माझा नंबर तिला पाठ होता. तुमच्या दोघांनाही नंबर पाठ करायला लावा.

दाजींशी आज रात्रीच बोला आणि त्यांचं काय ठरलं ते मला कळवा. त्यांचा अर्ज तुमच्याबरोबर जाणार असेल, तर पुढचे कागद कसे लावायचे ते मी सांगतो.